जिथून ऊन, तिथून पाणी

तो फोटो माझ्याकडे आहे, हे मी फोनवर लगेच कबूल केलं नाही. पेणच्या सभेच्या नव्या मंडळातले एक गृहस्थ बोलत होते. जुनी इमारत आता उतरवतायत, तिथं एसी आणि लिफ्ट असलेलं नवं सभागृह होणार आहे, आणि आत शिरताना समोरच्या भिंतीवर जुन्या सभेचे कृष्णधवल फोटो मोठे करून लावायचे आहेत. "मधली जागा तुमच्या त्या फोटोसाठी ठेवलीय, मॅडम. आणि खाली चार ओळी द्या. कसा काढला, काय सुचलं, असं काहीतरी." मी म्हटलं, शोधून बघते. शोधायचं काय होतं? निगेटिव्ह माझ्या कपाटात आईच्या दोन साड्यांच्या घडीत आहे. घर तीनदा बदललं, पण ती घडी मी दुसऱ्या कुणाला उचलू दिलेली नाही. चार ओळी लिहायला बसले आणि चार दिवस एक ओळ उतरेना. जे कधी कुणाला सांगितलं नाही ते आधी लिहून काढल्याशिवाय त्या ओळी खोट्याच होणार, हे कळलं तेव्हा ही वही उघडली.

आमचं घर म्हणजे पुढं अण्णांचा फोटो स्टुडिओ आणि मागं आईचे पापड. मध्ये एक मोरी. सकाळी ती आंघोळीची, दुपारी माझी. खिडकीला काळं कापड, बल्बला लाल कागद, धुण्याच्या दगडावर तीन ट्रे आणि बादलीत तरंगणारे फोटो. मागच्या पडवीत आई आणि तिच्या दोघी सोबतिणी पोह्याच्या पापडाचं पीठ कुटत असायच्या. तेलाचा हात लावून गोळा घातला की मुसळाचा आवाज बदलतो, कोरडा ठोका ओला होतो. अंधारात बसून मी तेवढ्यावरून ओळखायचे की आता लाट्या होणार. मोरीतून बाहेर आले की माझ्या अंगाला फोटो पक्का करायच्या हायपोचा वास, आणि पडवीत पापडखाराचा नि हिंगाचा. गच्चीवर चटईवर तिचे पापड आणि वर दोरीला चिमट्यांनी लावलेले माझे फोटो, एकाच उन्हात वाळायचे. "तुझ्या त्या औषधाचं पाणी माझ्या पापडावर गळलं ना, तर दोरीसकट तुलाच वाळत घालीन," आई म्हणायची. ताटात तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं, नाहीतर सुकटीची चटणी. माझ्या बोटांकडं बघून ती विचारायची, "हात धुतलेस का?" "धुतले." "मग हे काय, मेंदी रंगलीय?" डेव्हलपरचे ते तपकिरी डाग नखांवरून कधी गेलेच नाहीत. तिच्या मनात खऱ्या मेंदीचा विषय होता, हे मला कळायचं. मी बी.ए. होऊन घरी बसले होते आणि स्थळं येत होती.

अण्णांचा धंदा तेव्हा रंगीत होऊन गेला होता. लग्नं, बारशी, हमरापूरच्या कारखान्यांतल्या गणपतींचे नमुने, सगळं रंगीत. "काळ्यापांढऱ्यात आता फक्त मेलेली माणसं शोभतात," ते म्हणायचे, आणि उरलेसुरले जुने रोल मात्र आईच्या नकळत माझ्या हातात ठेवायचे. माझ्या डोक्यात एकच खूळ होतं. मुंबईच्या एका कलादालनात दर वर्षी कृष्णधवल फोटोंचं प्रदर्शन भरायचं. त्यात माझा एक फोटो लागला तर मला घरात तोंड उघडता येईल, पुढं शिकायला मुंबईला जायचं म्हणता येईल. एक. त्याहून जास्त मी मागत नव्हते, असं तेव्हा वाटायचं.

असा फोटो मिळेल अशी गावात माझ्या लेखी एकच जागा होती. सभा. मिठागरांच्या मालकांनी कधीकाळी गाण्यासाठी बांधलेली ती इमारत. तिला दुसरं काही लांबलचक नाव होतं, ते फक्त पाटीवर. सागवानी खांब, बायकांना बसायला वरचा सज्जा, खालून सगळं दिसणारं कौलारू छप्पर, आणि समोर हातभर उंच लाकडी मंच. मंचाच्या फळ्यांखाली, पोकळीत, अकरा रिकामे माठ तोंडं वर करून बसवले होते. गवयाचा खर्ज त्या माठांत उतरायचा आणि घुमून परत वर यायचा. बाहेरगावचे गवई तंबोऱ्याची पहिली तार छेडत, क्षणभर थांबत आणि मग हसत. त्याला आमच्याकडं 'सभा बोलली' म्हणत. एकदा सभा बोलली की माझ्यासारखीला, जिला रागातलं ओ का ठो कळत नव्हतं, तिलाही मांडी घातलेल्या गुडघ्यांत ते जाणवायचं.

सभेचे माठ, तंबोरे, कौलं, सगळं बघायचे धर्माकाका. मूळचे खाडीकडचे, तरुणपण मिठागरात गेलेलं. सभेच्या मागच्या खोलीत एकटे राहायचे. एकुलती मुलगी सुमन रोह्याला दिलेली, जावई तिथंच कंपनीत शिफ्टला. गाणं ते शिकले नव्हते. "मला राग कळत नाय गो," म्हणायचे, "पन खोटा सूर कळतो." तंबोरे मात्र असे लावायचे की गवई पुन्हा खुंटीला हात लावत नसत. मिठावर पडलेल्या उन्हाची तिरीप वर्षानुवर्षं डोळ्यांत घेऊन त्यांची नजर गेली होती. अगदी अंधार नव्हता, पण माणूस दिसायचा तो धुक्यातल्या खांबासारखा. मंडळाला हे ठाऊक नव्हतं. या खांबापासून त्या खांबापर्यंत किती पावलं हे पाठ, म्हणून कुणाला संशयही आला नाही. मला कळलं ते मी एकदा पायरीवर गुपचूप बसले होते आणि त्यांचा पाय माझ्या मांडीवर पडला तेव्हा. "कोन हाय?" "मी, काका. स्टुडिओतली." ते माझ्या शेजारी पायरीवर टेकले. मग म्हणाले, "सांगू नको गो कुनाला. ही खोली गेली तर जावयाच्या दारात जाऊन बसायची पाळी येईल." मी गळ्याची शपथ घेतली. ती मात्र मी मोडली नाही. माझ्या हातून इमानानं पाळली गेलेली तेवढीच एक गोष्ट, आणि तीच त्यांच्या मुळावर आली.

दर मे महिन्यात सभेची कौलं परतली जायची. फुटकी काढायची, सरकलेली बसवायची. काम झालं की काकांची एक तपासणी असे, ती दुसरीकडं कुठं मी पाहिली नाही. भर दुपारी, सूर्य अगदी डोक्यावर आला की सगळी दारं-खिडक्या लावून घ्यायची. आत मिट्ट काळोख. मग जमिनीवर कुठं कवडसा पडलाय का ते शोधायचं आणि तिथं गेरूनं खूण करायची. "जिथून ऊन, तिथून पानी," काका सांगायचे. "दुपारचंच बघायचं. सकाळचं ऊन तिरकं, ते फसवतं. दुपारचं ऊन नि पाऊस, दोगं एकाच वाटेनं येतात." खूण दिसली की शिडी लावून गडी वरचं कौल नीट बसवायचा. दोन वर्षं ही तपासणी मी करत होते. म्हणजे गड्यांना वाटायचं काका करतायत. काका पुढं चालायचे, मी मागं, आणि कवडसा दिसला की मीच त्यांना हळूच सांगायचे.

त्या वर्षी हॉलमध्ये तीन कवडसे निघाले. तिन्ही मी सांगितले. खुणा केल्या. मग आम्ही मंचावर चढलो, आणि मी जागीच थांबले. गड्यांनी कौलं परतून दोन दिवस झाले होते. त्यानंतर वानरांची टोळी छपरावरून गेली असणार. आढ्याजवळचं एक कौल सरकलं होतं आणि तिथून तळहाताएवढं ऊन सरळ खाली, मंचाच्या बरोब्बर मधोमध, उभी काठी रोवल्यासारखं पडलं होतं. बाकी सगळा काळोख. मी तीन वर्षं त्या इमारतीत कॅमेरा घेऊन हिंडत होते आणि मला असं ऊन कधी मिळालं नव्हतं. कॅमेरा घरी होता. गडी बाहेर शिडी घेऊन उभा होता.

"हाय का गो काय?" काकांनी विचारलं.

"नाय, काका."

एवढंच. उद्या दुपारी फोटो काढायचा आणि मग सांगायचं, असं मी मनाशी ठरवलं होतं. हे मी स्वतःला इतक्यांदा सांगितलंय की त्याची धार गेली आहे. गडी शिडी घेऊन निघून गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी काकांना तंबोरा घेऊन मंचावर बसवलं. "असं भर दुपारी काय लावायचा तंबोरा?" ते कुरकुरले, पण बसले. उन्हाची रेघ उठून दिसावी म्हणून मी ऊद जाळला. "ऊद कशाला गो? मयत झालंय काय कुनाचं?" "डास आहेत, काका." मग मी म्हटलं, जरा डावीकडं सरा, अजून जरा. त्यांचा खुंटीवरचा हात त्या उन्हात आला. धूर वर चढत होता, हात पांढरा शुभ्र, बाकी माणूस जेमतेम एक सावली. काका थबकले. "हाताला ऊन लागतंय. खिडकी उघडलीस?"

"व्हय. सज्ज्याची."

ते पुन्हा तार जुळवू लागले. मी चटाचट फोटो घेतले. त्यातला सातवा तो फोटो. मोरीत ट्रेमधल्या पाण्याखाली तो हात हळूहळू वर येताना मी पाहिला आणि मला रडू फुटलं. आनंदानं. हे लिहायला लाज वाटते, पण ते आनंदाचंच होतं.

मग सांगितलं का नाही? खरं सांगायचं तर मला ते ऊन बुजवायचं नव्हतं. मी आणखी आठ दिवस रोज दुपारी गेले. त्यानंतर आभाळ भरून यायला लागलं आणि ऊन संपलं. मला फोटो घेऊन मुंबईला मामीकडं जायचं होतं. सांगायचं म्हणजे खोटं बोलले हेही सांगायचं. एक कौल तर सरकलंय, पुढच्या वर्षी बघतील. असं करत करत ते राहिलं. काकाही आषाढात दर वर्षीप्रमाणे भावाच्या शेतावर लावणीला गेले. सभेला कुलूप. मंचाखाली पावसाळ्यात जनावर शिरू नये म्हणून पोकळीचं दार ते जाताना चिखलानं लिंपून टाकत. मंचावर जाजमांच्या घड्या रचलेल्या. पाणी त्या घड्यांत मुरत राहिलं, फळ्यांच्या फटींतून खाली उतरत राहिलं. दोन महिने. त्या दोन महिन्यांत मी मुंबईत मामीकडं उकडीचे मोदक शिकत होते आणि प्रदर्शनाच्या पत्राची वाट बघत होते.

काका गणपतीच्या आधी आले. मंचावर सर्द लागतंय, म्हणाले; जाजमं उन्हात घातली. काळा पडलेला लाकडाचा पट्टा त्यांना दिसणं शक्य नव्हतं. मी तोवर परत आले होते. मी तो पाहिला. त्यावर कोरडं जाजम पसरायला मीच हात लावला.

गणपतीतली सकाळची बैठक. पुण्याहून एक बाई गायला आल्या होत्या. सभा भरलेली, सज्ज्यात मी आणि आई. बाईंनी तंबोऱ्याची तार छेडली आणि थांबल्या. सगळे त्यांच्या हसण्याची वाट बघत होते. त्यांनी पुन्हा छेडली. तार वाजली, पण नुसती तारच. खालून तिला उत्तर देणारं कुणी नव्हतंच. बाई साथीदाराकडं वळून हळूच म्हणाल्या, "आज सभा बोलत नाही हो." पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांच्या माना एकदम वर झाल्या. काका दाराशी उभे होते. त्यांचा चेहरा मी वरून पाहिला. खोटा सूर कळणारा माणूस तो. त्यांनी कानावर हात नेला, जणू कानच गेले असावेत. बाईंनी तरी गायला घेतलं. दुसऱ्या चिजेत तबलजीच्या बैठकीखालची फळी कडकन मोडली.

फळ्या उघडल्या तेव्हा सगळं गाव बघायला लोटलं. अकरांपैकी चार माठ तडकलेले, बाकीचे काळ्या पाण्यानं काठोकाठ भरलेले, त्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या. छपरातलं भोक आता खालून कुणालाही दिसत होतं. दुसऱ्या दिवशी सभेतच मंडळ बसलं. अण्णा सभासद होते, मी त्यांच्यासोबत गेले. त्याच सकाळी माझा फोटो निवडल्याचं पत्र आलं होतं. ते माझ्या पर्समध्ये होतं.

सेक्रेटरींनी विचारलं, "धर्मा, कौलं तपासली होतीस का?"

"तपासली व्हती."

"स्वतः?"

काकांनी मान किंचित वळवली. मी कुठं बसलेय हे त्यांना दिसत नव्हतं; मी मात्र त्यांच्यासमोर चार हातांवर होते. "व्हय. स्वतः."

"मग एवढं भगदाड दिसलं नाही?"

"तवा नव्हतं. मंचावर काय नव्हतं." हे ते छातीठोक बोलले. माझ्या शब्दावर त्यांनी स्वतःचा शब्द ठेवला होता.

सेक्रेटरींनी हात वर केला. "ही किती बोटं?"

काकांनी डोळे बारीक केले. मग म्हणाले, "तीन." सेक्रेटरींची मूठ मिटलेली होती. मागं कुणीतरी फिसकन हसलं. "आंधळ्याला राखण दिली, दुसरं काय होणार!" अण्णा ताडकन उठले. "पुरे आता. थट्टा कसली करता म्हाताऱ्याची?" सगळ्यांसमोर ओरडलेले अण्णा मी तेवढेच एकदा पाहिले. आणि मी, ज्या एका वाक्यानं तो हात खाली आला असता ते वाक्य तोंडात धरून, पर्सचा बंद घट्ट आवळून बसून राहिले. 'मी पाहिलं होतं.' तीन शब्द.

मंचाचं पोट दगडगोट्यांनी भरून वर पांढऱ्या लाद्या बसवायचं ठरलं. काकांना महिन्याअखेर खोली सोडायला सांगितलं. एसटी स्टँडवर मी गेले होते. एक ट्रंक, एक वळकटी. त्यांनी माझा हात चाचपून धरला.

"माज्यामुळं तुजं नाव कुठं आलं नाय ना गो?"

"नाय, काका."

तेच दोन शब्द, दुसऱ्यांदा.

"तो फोटो मोटा केला की धाड रोह्याला. सुमन सांगेल काय दिसतं ते."

फोटो मी पाठवला नाही. तो प्रदर्शनात लागला, पेपरात छापून आला, मला मुंबईत शिकता आलं. आज माझं जे काही नाव आहे ते त्या सातव्या फोटोपासून सुरू होतं. आईनं मेंदीचा विषय सोडला. पेण ते रोहा अंतर ते काय? दोनदा मी रोह्याला उतरले, कुंडलिकेच्या पुलापर्यंत चालत गेले, आणि खालचं पाणी बघून परत फिरले. तिसऱ्यांदा गेले तेव्हा काकांना जाऊन चार महिने झाले होते.

सुमननं दार उघडलं. मी नाव सांगितलं. "इतक्या वर्षांनी वाट सापडली व्हय?" ती म्हणाली, पण आत घेतलं. चहा ठेवला, बशीत दोन पापड भाजून दिले. मग आतून पत्र्याचा डबा आणला. त्यात पेपरातलं कात्रण होतं, माझ्या फोटोचं. घडीवर चिरलेलं, मऊ पडलेलं.

"यांनी कंपनीतनं आनला व्हता पेपर," ती म्हणाली. "मी बाबांना सांगत बसले. तुमचा हात दिसतो. तंबोऱ्याची मान दिसते. हातावर ऊन हाय, लई झ्याक हाय म्हटलं. तर म्हनाले, ऊन कुठनं येतंय? म्हटलं, वरनं. म्हनाले, नीट बघ, बाजूनं येत आसंल, सज्ज्याच्या खिडकीतनं. मी म्हटलं, नाय बाबा, सरळ उभं हाय, काठीवानी. मग उठून आत गेले. त्या दिवशी जेवले नाय."

मला तिच्याकडं बघता येईना. बाहेर कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली.

"मी इचारलं, काय झालं, बाबा? दुसऱ्या दिवशी सकाळी बोलले. म्हनाले, कात्रन जपून ठेव. आनि कुनी इचारलं, तर ऊन खिडकीतलं व्हतं म्हनून सांग."

"तुम्ही सांगितलंत?"

"इचारायला आलं कोन?" सुमन म्हणाली. पापड मऊ पडले होते. तिनं बशी उचलून आत नेली.

त्या नव्या सभागृहासाठी चार ओळी मी काल पाठवल्या. मंडळाचे गृहस्थ म्हणाले, थोडं वेगळं लिहाल का, लोक उद्घाटनाला येणार. मी म्हटलं, हे लावणार असाल तर फोटो घ्या, नाहीतर नको. त्या ओळी अशा आहेत:

'हात धर्माकाकांचा आहे. हे ऊन खिडकीतलं नाही, सरकलेल्या कौलातलं आहे. त्यांनी मला विचारलं होतं. मी नाही म्हणाले.'